तीन मजली, बिनअंड्याचा

पहाटे साडेचार

विट्यात मे महिन्यात क्रीमला हात लावायचा तर तो कोंबडं आरवायच्या सुमाराला. या वेळी स्वयंपाकघरातला पारा २८-२९ वर असतो. दहा वाजता तो ३४ ओलांडतो आणि दुपारी बाहेर चाळिशी गाठतो. ३४ हा आकडा उगाच नाही सांगत. कोको बटर साधारण त्याच अंशाला वितळतं. म्हणजे खऱ्या चॉकलेटची वडी दुपारी ओट्यावर विसरली, तर गॅस न पेटवताच तिचं पातळ सार झालेलं असतं.

केक करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं ओव्हन येतो. क्लासला येणाऱ्या मुलीही पहिल्यांदा 'ताई, ओव्हन कुठला घेऊ?' हेच विचारतात. खरं तर हा धंदा ओव्हनचा नाही, फ्रिजचा आहे. भाजण्यात दोन-तीन तास जातात. गार करणं, गार ठेवणं आणि गार असतानाच पोचवणं यात दीड दिवस जातो. म्हणून मी त्यांना सांगते, ओव्हन साधा घे, पण दुसरा फ्रिज घे, आणि त्याच्या मधल्या जाळ्या काढून ठेव.

आजची ऑर्डर तीन मजली आहे. खाली दहा इंच, मधे आठ, वर सहा. सगळं मिळून सहा किलोच्या आसपास भरेल. पहिला वाढदिवस आहे. पार्टी कोइमतूरची, पण कार्यक्रम खानापूरच्या अलीकडच्या एका गावात. मंडळी गलाईवाली आहेत. बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं, की खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोन्या-चांदीची गलाई करायला देशभर पांगलेली आहेत. इथं पाऊस नाही, शेतीत भागत नाही, म्हणून कुणी मदुराईला गेलं, कुणी कोलकात्याला, कुणी केरळात. सराफ पेठेत भाड्याची खोली, आत भट्टी, मूस, तेजाब. सोनाराकडचं जुनं, मिसळीचं सोनं घ्यायचं आणि शुद्ध करून द्यायचं. ही सगळी मंडळी गावाकडं येतात ती यात्रेला, दिवाळीला आणि मे महिन्यात. त्यामुळं लग्नं, वास्तुशांत, जावळं, पहिले वाढदिवस सगळे याच दिवसांत दाटीवाटीनं येतात. देशातल्या सगळ्या बेकऱ्या ज्या महिन्यात क्रीमच्या केकला भितात, त्याच महिन्यात आमचा हंगाम असतो.

पाच

काल संध्याकाळी भाजलेले स्पंज रात्रभर क्लिंग फिल्ममधे गुंडाळून फ्रिजमधे होते. स्पंज गार असेल तरच सुरी सरळ जाते. कोमट स्पंज भुगा होतो. करवतीच्या दात्यांची लांब सुरी घ्यायची आणि स्पंज टर्नटेबलवर फिरवत, सुरी एका जागी धरून, वरचा फुगा काढायचा. मग आडवे थर. दहा इंचीला चार थर, प्रत्येक थर बोटभर.

थरावर साखरेचं पाणी ब्रशनं लावायचं. इथं बऱ्याच नवख्या मुली पाणी ओततात. खाण्याच्या केकला ते चालतं, मजल्याच्या केकला नाही. खालचा थर जास्त भिजला की वरच्या वजनानं तो बसतो आणि मधूनच क्रीम पोट काढतं. कडेनं घट्ट गनाशचा बांध घालायचा, आत भरण. आज भरण चॉकलेट आणि तासगावच्या बेदाण्याचं आहे. बेदाणे कालपासून मोसंबीच्या रसात भिजत होते. मुलाच्या आजीची तेवढी एकच फर्माईश होती, 'बेदानं घाल गं बाई, आपलंच हायती.'

गनाश म्हणजे चॉकलेट आणि तापवलेलं क्रीम. थंडीत मी दोनास एक धरते, मे महिन्यात अडीचास एक. चॉकलेट जेवढं जास्त तेवढा लेप ताठ. बाहेरच्या लेपाला कंपाउंड वापरते हे लपवत नाही. त्यात कोको बटरऐवजी वनस्पतीजन्य चरबी असते आणि ती उन्हाला सहजासहजी दाद देत नाही. चव खऱ्या चॉकलेटची नाही, हेही खरं. म्हणून आत खरं, बाहेर कंपाउंड. शहरातले शेफ नाक मुरडतील, पण त्यांच्या केकला रेणावीचा घाट पार करायचा नसतो.

सहा ते साडेसात

पहिला हात, म्हणजे क्रम्ब कोट. पातळसा लेप, फक्त भुगा बांधून ठेवायला. तिन्ही मजले तसेच फ्रिजमधे. अर्ध्या तासानं दुसरा हात. स्क्रेपर उभा धरून टर्नटेबल एका दमात फिरवायचं. थांबलं की रेघ उठते.

आत्या चहा घेऊन आल्या. आमच्याकडं सासूबाईंना आत्या म्हणतात. त्यांनी फ्रिज उघडला, बघितलं, आणि रोजचाच प्रश्न टाकला, 'दूध कुठं ठिवायचं मग?' दूध शेजारच्या काकूंकडं ठेवायचं. हंगामात आमचं दूध, दही आणि पालेभाजी तिकडंच नांदते. त्या बदल्यात केकच्या कापलेल्या वरच्या टोप्या त्यांच्या नातवंडांना जातात.

पावणेआठ

घंटागाडी. ओला वेगळा, सुका वेगळा. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत विटा देशात पहिलं आलं, तेव्हापासून गल्लीतलं प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या बादलीत डोकावून बघतं. आमच्या धंद्याची अडचण अशी की क्रीम लागलेली पायपिंग बॅग ना ओली ना सुकी. मी ती धुऊन सुक्यात टाकते.

आठ ते दहा

या दोन तासांत मोठ्या केककडं बघायचंसुद्धा नाही. तो फ्रिजमधे घट्ट होतोय. आता रोजीरोटीचं काम असतं. अर्धा किलो ब्लॅक फॉरेस्ट, अर्धा किलो बटरस्कॉच, एक किलो पाइनॅपल, त्यावर 'आबांना सत्तरीच्या शुभेच्छा'. तीन मजली केकचे फोटो लोक मोबाइलमधे ठेवतात, पण घरखर्च चालतो तो अर्ध्या किलोवर.

आज गुरुवार, त्यामुळं एकजात सगळे बिनअंड्याचे. खरं तर विटा हे अंड्याचं गाव. कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडा, शेतात पोल्ट्रीची लांबलचक शेड दिसतात. इथं एनईसीसीचा, म्हणजे अंडी उत्पादकांच्या संघटनेचा, अंड्याचा दर लोक रोज बघतात, सोन्याचा बघतात तसाच. अंड्याचा ट्रे मला दारात मिळतो. आणि तरी माझ्या दहातल्या आठ ऑर्डरी एगलेस. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय चतुर्थी, एकादशी, श्रावण, नवरात्र. आजी माळकरी असली की मग वारही बघायचा नाही. पोल्ट्रीवाल्याच्या पोराचा वाढदिवससुद्धा बिनअंड्याचा होतो. त्यात मला काही विसंगत वाटत नाही. विकायचं ते विकायचं, देवाचं ते देवाचं.

पण कारागिराला ते महागात पडतं. अंडं केकमधे तीन कामं करतं. फेटलं की हवा धरून ठेवतं आणि भट्टीत तापलं की घट्ट होऊन त्या हवेभोवती भिंत उभी करतं. पिवळा बलक तेल-पाणी एकजीव करतो. अंडं काढलं की या सगळ्याला पर्याय शोधायचा. फुगायला दही आणि सोडा. मऊपणाला कंडेन्स्ड मिल्क. पाव किलो मैद्याला ४०० ग्रॅमचा एक डबा, शंभरेक ग्रॅम लोणी, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, लागेल तसं दूध. स्पंज सुरेख होतो, जिभेवर विरघळतो. आणि तीच अडचण. जो जिभेवर विरघळतो तो वजनाखालीही विरघळतो. म्हणून तळमजल्याचं मिश्रण मी घट्ट ठेवते, दूध कमी घालते, आणि एका टिनमधे उंच भाजण्याऐवजी दोन टिनांत उथळ भाजते. मोठ्या टिनात कडा करपतात आणि मधलं कच्चं राहतं. त्यामुळं दहा इंचीला १६० अंश आणि जास्तीचा वेळ, छोट्याला १७०.

प्रीमिक्सची पोती मिळतात. पाणी आणि तेल घाला, स्पंज तयार. मीही अर्धा किलोवाल्यांना तेच वापरते. पाचशे रुपये किलोच्या केकमधे लोण्याचा स्पंज बसत नाही, आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

मोजमापाचं एक सांगते. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. त्या मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, कुंडलच्या. त्या पुस्तकानं महाराष्ट्रातल्या कितीतरी सुना वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाकाला लागल्या. माझ्या आईनं त्याच हातानं प्रेशर कुकरची शिट्टी काढून, तळाशी वाळू घालून केक केले. ते केक चांगले व्हायचे, पण दोन वेळा सारखे कधीच झाले नाहीत. घरच्या पोरांना त्याचं काही नव्हतं. पैसे देणाऱ्याला मात्र दर वेळी तोच केक लागतो. तेव्हा वाटी सुटली आणि ग्रॅमचा काटा आला.

सव्वादहा

फोन. कोइमतूरच्या सूनबाई. गावात आल्या आहेत, सकाळी रेणावीला रेवणसिद्धाच्या दर्शनाला जाऊन आल्या. तिकडच्या कुठल्यातरी दुकानातला फोटो त्यांनी महिन्यापूर्वीच पाठवलेला. जंगल. तळाला वेली, मधे जिराफ आणि हत्ती, वर सिंहाचा छावा आणि सोनेरी एकचा आकडा. 'ताई, आसाच पायजे हां. आनि सोनेरी जरा जास्त दावा.' मागून मोठी पोरं एकमेकांशी तमिळमधे भांडत होती. त्यांना आईनं तमिळमधेच दटावलं आणि त्याच दमात मला म्हणाली, 'लाईट हाय न्हवं तुमच्याकडं?'

साडेदहा ते बारा

केक आता बेडरूममधे हलवलाय. घरात एसी तेवढा एकच. हंगामात ती खोली केकची आणि आम्ही सगळे हॉलमधे. पाहुण्यांना वाटतं खोलीत कुणी आजारी आहे.

आता फॉन्डंट. साखर, ग्लुकोज सिरप, थोडा जिलेटिन किंवा अगर. मी अगरचाच घेते, कारण माळकरी आजीला जिलेटिन म्हणजे काय हे कुणी सांगितलं तर पुढची ऑर्डर येणार नाही, आणि कुणी न सांगता मी वापरणं बरं नाही. फॉन्डंट मळून पोळीसारखा लाटायचा. कोकणातल्या, मुंबईतल्या बायका फॉन्डंटबद्दल एकच तक्रार करतात, की घाम येतो, चिकट होतो. तिकडची दमट हवा त्याची साखर सोडवते. आमच्याकडं उलटं आहे. हा पर्जन्यछायेचा मुलूख. मे महिन्यातला वारा कोरडा ठणठणीत. लाटलेला फॉन्डंट दोन मिनिटं उघडा राहिला की त्याला हत्तीच्या कातडीसारख्या बारीक भेगा पडतात. म्हणून लाटताना वनस्पती तुपाचं बोट आणि बाकीचा गोळा ओल्या फडक्याखाली. यूट्यूबवरच्या बाई सांगतात कॉर्नफ्लोअर भुरभुरा. त्यांचं गाव वेगळं. इथं कॉर्नफ्लोअर लावलं तर आणखीच तडकतो.

पूर्ण केकला फॉन्डंट चढवत नाही. मला तो खायला आवडत नाही, आणि माझा अनुभव असा की कुणालाच आवडत नाही. लोक सोलून ताटाच्या कडेला ठेवतात. गनाशच्या गुळगुळीत भिंतीवर फॉन्डंटची नुसती पानं आणि वेली चिकटवते. प्राणी दोन दिवस आधीच केलेत. फॉन्डंटमधे सीएमसी पावडर मळली की तो कडक वाळतो, त्याचे हे प्राणी. इथली कोरडी हवा निदान एवढ्या कामाला तरी उपयोगी पडते. छाव्याची आयाळ करायला मात्र वेळ लागला. एकेक केस लाटून, टोकाला चिमटून, आतून बाहेर अशा तीन रांगा. डोळ्यात काळ्या रंगावर पांढऱ्याचा ठिपका टोचणीच्या टोकानं दिला, तेव्हा कुठं तो बघायला लागला. ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा. नाहीतर छावा तिरळा दिसतो, आणि फोटोत नेमकं तेच पहिल्यांदा दिसतं.

साडेबारा

लाइट गेली.

एसी बंद, फ्रिज बंद. अशा वेळी पहिला नियम, की फ्रिजचं दार कुणीही उघडायचं नाही. भरलेला फ्रिज दार न उघडता तीन-चार तास गारवा धरतो. बेडरूममधल्या केकच्या भोवती बर्फाच्या बाटल्या भरलेले थर्माकोलचे डबे लावले, पडदे ओढले, दाराच्या फटीला चादर. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, पण पंखा लावायचा नाही, धूळ उडते. पोरगं पाण्याच्या बाटलीसाठी फ्रिजकडं निघालं होतं. आत्यांनी त्याला दारातच अडवून माठाकडं धाडलं. दुधाबद्दल कितीही बोलल्या तरी असल्या वेळी पहाऱ्याला त्याच असतात.

पावणेदोनला आली.

दोन ते साडेतीन

आता नुसतं थांबायचं. मजले पुरते कडक झाल्याशिवाय एकावर एक चढवता येत नाहीत. या वेळात मी जेवते, डबे-बोर्ड कापते, आणि मोबाइलवर इतरांचे केक बघते.

मजल्यांचा केक ही मूळ इंग्रजी राजघराण्याची हौस. १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात तीनशे पौंडांचा केक होता. त्यावरचा पांढरा कडक लेप पुढं रॉयल आयसिंग म्हणून ओळखला गेला. १८५८ साली तिच्या मुलीच्या लग्नातला केक उंच होता, पण वरचे मजले नुसते साखरेचे. सगळे मजले खरोखरच केकचे असलेला राजवाड्यातला पहिला केक १८८२ सालचा, प्रिन्स लिओपोल्डच्या लग्नातला. १९४७ मधे एलिझाबेथच्या लग्नात तर चार मजली, नऊ फुटी केक उभा राहिला, तोही रेशनिंगच्या काळात, परदेशातून आलेल्या जिनसांवर. यात कारागिराला कळण्यासारखी गोष्ट अशी, की त्यांचा केक सुक्या मेव्याचा जड, आणि वर अंड्याच्या पांढऱ्याचं आणि साखरेचं आयसिंग, दगडासारखं वाळणारं. त्याच्यावर खांब टेकवून वरचा मजला खुशाल ठेवता येतो. थंड हवेच्या देशातलं ते काम.

रॉयल आयसिंगचं काम आपल्याकडं पुण्याच्या प्राची धबल देब करतात, तेही बिनअंड्याचं. २०२२ साली त्यांनी मिलानच्या कॅथेड्रलवरून शंभर किलोची रचना केली होती. मी तिचे फोटो मोठे करकरून बघितलेत. एकेक कमान सुईनं काढल्यासारखी आहे.

आमच्या क्रीमला असा कणा नाही. मऊ स्पंज, मऊ क्रीम, त्यावर मऊ स्पंज. बाहेरून जे दिसतं त्यातलं काहीच वजन उचलत नसतं.

साडेतीन

हे गवंडीकाम आहे, आणि मी ते गवंड्याच्याच हत्यारानं करते.

प्रत्येक मजला त्याच्याच मापाच्या पुठ्ठ्याच्या बोर्डावर बसलेला असतो. तळमजल्यावर आठ इंचीचा गोल टोचणीनं आखून घ्यायचा. त्या गोलाच्या आत सहा ठिकाणी डॉवेल, म्हणजे आधाराच्या काड्या, रोवायचे. पहिला डॉवेल तळापर्यंत घालून केकच्या पृष्ठभागाशी खूण करायची, बाहेर काढायचा, कापायचा, आणि बाकीचे पाच त्याच मापाचे कापायचे. प्रत्येकाची खूण वेगवेगळी करू नये. केक कुठं दोन सूत वर-खाली असतोच. डॉवेल वेगळ्या उंचीचे झाले की वरचा मजला तिरपा बसणार. सहाही एका उंचीचे असले की वरच्या मजल्याचं सगळं ओझं बोर्डावर, बोर्डाचं डॉवेलवर, डॉवेलचं खालच्या पाटावर. मधल्या केकला काही पत्ता लागत नाही. खालच्या केकवर वरचा केक बसलाय असं बघणाऱ्याला वाटतं, पण तो खाली उभ्या असलेल्या सहा काड्यांवर बसलेला असतो.

मधला मजला वर चढवला की मग पाणसळ. हार्डवेअरच्या दुकानातली वीतभर लांबीची, आतल्या बुडबुड्याची. दुकानदारानं विचारलं होतं, 'बांधकाम काडलंय काय?' ती स्वच्छ पुसून, बटर पेपरवर ठेवून मधल्या मजल्यावर आडवी धरायची, मग उभी. बुडबुडा मधे आला की मधोमध एक लांब काठी, टोकाला तासलेली, वरून ठोकत दोन्ही मजल्यांतून खालच्या पाटापर्यंत. ती घाटातल्या वळणांसाठी.

तिसरा मजला सुट्टा नेते. तिथं जाऊन चढवायचा. काहीजणी तिन्ही चढवूनच नेतात, आणि सपाट रस्ता असेल तर त्यात काही चूक नाही.

पाऊण तास गेला. सांधे लपवायला कडेनं क्रीमचे गोंडे काढले. नोझल १एम. विट्यातल्या कुठल्याही केकवालीला 'वन-एम दे' म्हटलं की ती बरोबर तेच ताऱ्याच्या तोंडाचं नोझल काढून देते. हे आकडे विल्टनचे, शिकागोत १९२९ साली सुरू झालेल्या केक सजावटीच्या शाळेचे.

पाच

गाडी आमची जुनी, मागची सीट पाडलेली. तळाला रबरी मॅट, त्यावर पाट, चारी बाजूंनी उशा नव्हे, पुठ्ठ्याचे ठोकळे. उशी दबते. एसी निघायच्या वीस मिनिटं आधीपासून चालू. हे गाडी चालवतात आणि मी मागं केकजवळ बसते. तिसावर काटा नाही. मागून येणारे हॉर्न वाजवतात, एक-दोन जण ओव्हरटेक करताना आत डोकावून रागानं बघतात आणि केक दिसला की हसतात.

खानापूर रस्ता चांगला आहे, पण गतिरोधक गावोगाव. गतिरोधकावर गाडी सरळ घ्यायची नाही, थोडी तिरपी घ्यायची, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकदम आपटत नाहीत. रेणावीच्या घाटात मात्र माझा हात पाटावरून निघत नाही. वळणावर केक बाहेरच्या बाजूला ओढतो, ते हाताला कळतं.

सहा ते साडेसात

गावाबाहेर मोकळ्या रानात मांडव. तीनेकशे माणसं, जनरेटर, स्टेजवर फुग्यांची कमान आणि चार हॅलोजन. मी पहिल्यांदा हॅलोजन बघते. टेबलाच्या डोक्यावर असेल तर हलवायला सांगते. नंतर फॅन कुठं आहेत ते. दोन्हींचा वैताग मांडववाल्याला येतो, पण तो आता ओळखीचा झालाय. 'ताई आल्या, हालवा रं ते लाईट,' म्हणून त्यानंच पोराला हाक मारली.

तिसरा मजला चढवला, छावा बसवला. शेवटी सोनं. एकच्या आकड्याला लावायला मी सोनेरी पावडर आणि थोडा वर्ख आणला होता. मुलाचा चुलता बाजूला येऊन उभा राहिला. चाळिशीचा माणूस, तेजाबानं बोटांची टोकं पिवळसर झालेली. त्यानं पावडरच्या डबीकडं बघितलं आणि म्हणाला, 'हे सोनं न्हाई.' मी म्हटलं, नाही, रंग आहे, खायचा. मग वर्खाची वही उचलून त्यानं पान उजेडाला धरलं, फुंकर मारली, ते कसं हललं ते बघितलं. 'हे हाय. बाविसच्या वरचं आसंल.' वहीवर चोवीस कॅरेट लिहिलेलं. तो हसला, 'लिवत्यात.' तापवून बघितल्याशिवाय त्याचा कागदावर विश्वास बसणार नाही, आणि त्याच्या जागी मीही ठेवला नसता.

सोनेरी पावडरबद्दल इथं थोडं सांगायला हवं, कारण बाजारात गोंधळ आहे. डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं म्हणजे ती खायची असते असं नाही. ती पोटात गेली तर विष होत नाही, एवढंच. खाण्याची पावडर म्हणजे जिच्यावर घटक छापलेत आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक आहे ती. स्वस्तातली चमकी बहुतेकदा प्लॅस्टिकची असते. चांदीच्या वर्खाला तर आपल्याकडं ९९९ शुद्धतेचा नियम आहे. चुलत्याला तो आकडा सांगितला, तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या धंद्याकडं जरा आदरानं बघायला लागला. 'मिठाईला थ्री नाईन? आमच्यागत?'

आठ

औक्षण, टाळ्या, सुरी. बाळ भेदरून रडलं. आजोबांनी मधला जिराफ काढून त्याच्या हातात दिला, त्यानं तोंडात घातला, गप्प झालं. सहा किलो केक तीनशे माणसांना पुरत नाही; पुरावा अशी अपेक्षाही नसते. पोरांना कागदी बशीत एकेक तुकडा, बाकीच्यांना जेवण. वरचा मजला घरच्यांसाठी आत गेला. तळमजला कापायला मी थांबते, कारण काड्या मोजून परत घ्याव्या लागतात. कुणाच्या तोंडात जायला नको.

तळमजला खरा असावा का, यावरून केकवाल्या बायकांत दोन तट आहेत. बऱ्याच जणी तळमजला थर्माकोलचा करतात, वर लेप लावतात, कापायला फक्त वरचा खरा. उंची हवी, खाणारी तोंडं नाहीत, मग केक कशाला वाया, हा त्यांचा हिशेब खोटा नाही. गिऱ्हाइकाला आधी सांगून केलं तर त्यात फसवणूकही नाही. मला मात्र थर्माकोलवर क्रीम फिरवताना हात लागत नाही. आजीनं दोन तुकडे खाल्ले, बेदाणे निवडून पहिल्यांदा.

साडेदहा

भांडी. क्रीमची भांडी गार पाण्यानं निघत नाहीत, गरम पाणीच लागतं. नोझल एकेक ब्रशनं, मधे अडकलेलं वाळलं की दुसऱ्या दिवशी फूल फाटकं येतं.

हिशेब लिहिला. मैदा, लोणी, कंडेन्स्ड मिल्क, चॉकलेट, फॉन्डंट, बोर्ड, वर्ख, पेट्रोल. हे गिऱ्हाइकालाही समजतं, विचारलं तर तोच तोंडी बेरीज करून दाखवतो. एसीचे दोन दिवस आणि फ्रिजचा महिना हा रकाना मी मागच्या वर्षीपासून वेगळा धरते. किलोमागं शंभर रुपये, फक्त मार्च ते जून. पहिल्यांदा लोक भांडले. 'ताई, घरातच तर करताय, फ्रिज तर चालूच आसतो.' तेव्हा मी त्यांना मीटरचं एप्रिलचं बिल आणि डिसेंबरचं बिल शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. गलाईवाले बिल बघून लगेच मानतात. भट्टी चालवायला काय लागतं ते त्यांना माहीत असतं. बाकीच्यांशी घासाघीस होते आणि बऱ्याचदा पन्नासावर तुटतं.

मोबाइलवर दोन निरोप येऊन पडलेत. एक पोल्ट्रीवाल्या भावजींचा, रविवारी दोन मजली, बिनअंड्याचा. दुसरा सकाळचा, अर्धा किलो, 'शुक्रवार हाय, कसला बी चालंल.' त्यांना विचारलंय, नाव काय घालायचं. अजून उत्तर नाही.